केरबा बाजरी न घेता गेला

तुम्ही आमच्या भागातले नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. इकडच्या माणसाला सांगायची सोय नाही. शिरूरच्या माणसाला सांगावं तर तो दौंडच्या कुणाचा तरी साडू निघतो आणि दिवस मावळायच्या आत गोष्ट नदीच्या दोन्ही काठांना झालेली असते. बायकोला सांगितलेलं नाही. पोराला नाही. देवापुढं मनातल्या मनात कधी पुटपुटलो असेन, पण ते काही सांगणं नव्हे. तोंडानं आज पहिल्यांदाच बोलतोय. अडखळलो तर सांभाळून घ्या — नाही, सांभाळून घेऊ नका. नुसतं ऐका.

मी मास्तर होतो. रिटायर होऊन झाली काही वर्षं, तरी गावात अजून 'सर' म्हणतात. आमचं गाव म्हणजे शिरूर तालुक्याचं शेवटचं टोक. भीमा ओलांडली की दौंड तालुका. आता पूल झालाय, चहूकडं ऊस झालाय, पोरं सकाळी फाट्यावर रांजणगावच्या कंपनीच्या बसची वाट बघत मोबाइलमध्ये माना घालून उभी असतात. त्या फाट्यावरच कमान आहे आणि कमानीवर अण्णांचं नाव आहे. शाळेला त्यांचंच नाव आहे. माझी सगळी नोकरी त्या नावाखाली झाली.

अण्णा कोण, हे आधी सांगायला हवं. आणि यात मी काही फुगवत नाही — तुम्हाला वाटेल, हा मास्तर, भाषणं करणारा माणूस, फुगवणारच. पण नाही हो. इंग्रजांच्या राज्यात पंचविशीतल्या या माणसानं दारूच्या दुकानापुढं धरणं धरलं, तेव्हा लाठीनं त्याचं डावं मनगट मोडलं. ते पुढं आयुष्यभर वाकडंच राहिलं, नमस्कार करताना दोन हात नीट जुळायचे नाहीत. चावडीवर झेंडा लावला. बेचाळीसला आठ-दहा पोरं हाताशी धरून दौंडकडच्या रेल्वेलायनीच्या कडेच्या तारा तोडल्या, मग भूमिगत झाला. स्वातंत्र्य आल्यावर पुण्या-मुंबईला जाऊन खुर्ची धरता आली असती, पण त्यानं इथंच राहून शाळा काढली. बोर्डिंग काढलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली आणि त्यावरून सख्ख्या भावांनी बोलणं टाकलं, तरी पंगत मोडली नाही. माणूस मोठा होता. मी हे आजही छातीवर हात ठेवून म्हणतो.

आता केरबा.

केरबा मेंढका. दर वर्षी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली यायचा. आमच्याकडं पद्धत अशी — शेतकरी मेंढक्याला बोलावून रानात मेंढरं बसवतो. रात्री जाळीची वाघर लावून मेंढरं त्यात कोंडायची, रोज वाघर थोडी पुढं सरकवायची, म्हणजे सगळ्या रानाला लेंडीखत मिळतं. किती रात्री बसायचं ते आधी ठरतं आणि शेवटच्या दिवशी मालक मेंढक्याला ठरलेली बाजरी मोजून देतो. ती घेतल्याशिवाय मेंढका बिऱ्हाड हलवत नाही. का हलवेल? तेच तर त्याचं पोट.

भूमिगत असताना अण्णा याच केरबाच्या मेंढरांत लपले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, डोक्याला मुंडासं — मेंढक्यांत मेंढका. पोलीस बांधावरून गेले तरी ओळखायचे नाहीत. दौंडच्या बाजूनं भीमा उतरून केरबानं त्यांना अलीकडं आणलं आणि अण्णांच्या चुलत्याच्या नदीकडच्या मळ्यात मेंढरं बसवली. ठरलेल्या रात्री अजून पुऱ्या व्हायच्या होत्या. आणि एका सकाळी केरबानं अचानक वाघर गुंडाळली, घोड्यावर बिऱ्हाड टाकलं आणि निघून गेला. बाजरी न घेता. त्याच दुपारी फौजदार आला आणि मळ्यातल्या खोपीतून अण्णांना धरून घेऊन गेला.

झालं. गावाला आणखी काय पाहिजे? बाजरी न घेता मेंढका उठतो कधी? दुसरीकडून मिळाल्याशिवाय उठतो का? याला आधीच कसं कळलं, पोलीस येणार म्हणून? सगळ्यांनी माना डोलावल्या. तो गावकीतला नव्हता, कुणाचा पाव्हणा नव्हता, त्याच्या बाजूनं भांडायला कुणी उभं राहणार नव्हतं. फितूर ठरायला असा माणूस फार सोयीचा असतो. केरबाला विचारलं तर तो गप्प. हो नाही, नाही नाही. गप्प बसतो म्हणजे केलंच असणार — हेही झालं.

पुढं नदीच्या दोन्ही अंगांनी त्याला कुणी रानात बोलावीना. तो मेला तसाच. त्याचा मुलगा बिरा, त्यानं आमच्या गावाच्या कडेला, माळाला घर बांधलं, थोडी मेंढरं ठेवली. त्याचीही मेंढरं कुणी बसवेना. हे सगळं मी नोकरीला लागायच्या आधीचं. म्हणजे बघा, संशय मी पेरला नव्हता. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. इतक्या वेळा, की त्यावरूनच मला माझा संशय यायला हवा होता.

मी काय केलं? मी नाटक लिहिलं.

तरणाताठा होतो, नवीन नोकरी, लिहायची हौस. गॅदरिंगला दर वर्षी तीच ती शेतकरी नाच-गाणी. म्हटलं, आपल्या अण्णांवर नाटक बसवू. फितुराचं नाव बदललं, पण खांद्यावर घोंगडी दिली. न कळण्यासारखं काय होतं त्यात? शेवटच्या प्रवेशात तो मेंढका मान खाली घालून निघतो. अण्णा खोपीच्या दारात उभे. त्यांना अजून काही माहीत नाही. ते त्याला मायेनं हाक मारतात — "अरे, बाजरी तरी घेऊन जा रं!" तो वळत नाही. पडदा.

काय सांगू तुम्हाला. त्या वाक्याला मैदान उठलं. बाया पदरानं डोळे पुसत होत्या आणि मागची तरणी पोरं स्टेजकडं चपला भिरकावत होती. माझ्या आयुष्यात मला तेवढी दाद पुन्हा कधी मिळाली नाही. अंगावर काटा आला होता हो माझ्या. ते वाक्य माझं होतं. कुणी सांगितलेलं नव्हतं, कुठं वाचलेलं नव्हतं. रात्री कंदिलाशी बसून मी ते मनानं रचलं होतं.

अण्णा पहिल्या रांगेत बसले होते. म्हातारे झाले होते. टाळ्या वाजवल्या नाहीत त्यांनी. मला वाटलं, मनगटामुळं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं. ओसरीवर बसले होते, मी टेकायच्या आतच म्हणाले, "मास्तर, ते वाक्य तुम्हाला कुणी सांगितलं?"

म्हटलं, कुणी नाही, सुचलं.

"सुचलं?" त्यांना माझाच संशय आला होता — की याला कुठून तरी कळलंय आणि हा मला डिवचतोय. मग म्हणाले, "मी हेच म्हणालो होतो. अगदी हेच. बाजरी तरी घेऊन जा."

आणि मग त्यांनी सांगितलं. हळूहळू, थांबत थांबत. अंगात ताप, पाय सुजून भोपळा झालेला आणि त्यात बातमी आली की पोलिसांनी त्यांच्या आईला चावडीपुढं उन्हात बसवून ठेवलंय — पोराचा पत्ता सांग म्हणून. रोज. म्हातारी बोलत नव्हती. अण्णांना ते सोसेना. शेजारच्या गावचा पोलीस पाटील पहाटे नदीवर आंघोळीला यायचा, त्याला त्यांनी स्वतः गाठलं. आज दुपारी या, मळ्यात आहे, माझ्या आईला घरी सोडा. पाटलाला काय, त्याला आयतं श्रेय. तो कशाला कुणाला सांगतोय. परत येऊन अण्णा केरबाला म्हणाले, तू नीघ. तू सापडलास तर तुझी कातडी सोलतील. आणि मी आपणहून गेलो हे कुणाला कळू देऊ नको, पोरांचं अवसान गळेल. केरबानं बिरोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली, कुणापाशी बोलणार नाही म्हणून. निघायला लागला तेव्हा अण्णांनी मागनं हाक मारली — बाजरी तरी घेऊन जा. तो म्हणाला, "तुमच्याकडनं आता धान्य कसं घेऊ, अण्णा?" आणि गेला.

"सुटून आलो तेव्हा हारतुरे," अण्णा म्हणाले. "गर्दीत केरबा उभा होता. म्हटलं, उद्या सांगू. मग परवा. मग आयुष्य गेलं, मास्तर."

त्यांचं म्हणणं एवढंच होतं की पुढच्या गॅदरिंगला शेवटचा प्रवेश बदला. खरं काय घडलं ते लिहा. नाटक संपलं की मी स्वतः स्टेजवर चढतो आणि सगळ्यांदेखत सांगतो. "एकट्यानं सांगायचं धाडस न्हाई माझ्यात," म्हणाले. "तुम्ही नुसता प्रवेश लिहा. पुढं मी हाय."

मी हो म्हणालो. लगेच म्हणालो. पायाला हात लावून म्हणालो.

आता तुम्ही विचाराल, मग? मग काय झालं? काहीच झालं नाही, हेच झालं. मी लिहायला बसलो की ते मैदान दिसायचं. फितूर नाही तर नाटकात उरतं काय? आजारी माणूस आपणहून पोलिसांच्या हवाली होतो आणि मेंढका निघून जातो — याला कोण चप्पल फेकणार? कोण रडणार? तोवर शिरूरहून निरोप आला होता, तालुक्याच्या कार्यक्रमात नाटक करा म्हणून. दौंडचे लोकही विचारत होते. कुठंही गेलो की "ते बाजरीवालं वाक्य लिहिणारे सर हेच का?" माझ्या सासऱ्यानं, ज्यानं मला कधी धड चहा विचारला नव्हता, त्यानं चारचौघांत पाठीवर थाप मारली. एवढ्यासाठी? होय हो, एवढ्यासाठीच. याहून मोठं कारण असतं तर मी तुम्हाला ते आधी सांगितलं असतं.

पण माणसाला स्वतःशी तरी काही सांगावं लागतंच ना? मी संशयाचा आधार घेतला. म्हटलं, म्हातारा खरं बोलतोय कशावरून? मोठी माणसं अशीच असतात, दुसऱ्याचं पाप आपल्या अंगावर ओढून घेतात. केरबाच्या पोराबाळांची दया आली असेल, म्हणून ही गोष्ट रचली असेल. आणि माझंच वाक्य ऐकून "मी हेच म्हणालो होतो" — असं कुठं असतं का? हा संशय मी रोज दूध पाजून वाढवला. अण्णांच्या वाकड्या मनगटाचा नाही आला मला संशय, तुरुंगवासाचा नाही आला; फक्त जे माझ्या गैरसोयीचं होतं, तेवढ्याचाच आला.

पुढच्या गॅदरिंगला अण्णा आले. पहिल्या रांगेत बसले. स्वच्छ धोतर, नवी टोपी, हातात घडी करून धरलेला रुमाल. बोलायची तयारी करून आले होते, मला कळत होतं. शेवटचा प्रवेश आला. मेंढका मान खाली घालून निघाला. हाक आली. टाळ्या. चपला. अण्णांनी विंगेकडं पाहिलं, तिथं मी उभा होतो. नुसतं पाहिलं. मी नंतर जाऊन म्हणालो, "हेडमास्तरांनी बदलू दिलं नाही." साफ खोटं. हेडमास्तरांना मी एका शब्दानं विचारलं नव्हतं. अण्णा म्हणाले, "असंल, असंल." आणि काठी टेकत गेले. त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस ते वारले.

शाळेच्या मैदानावर शोकसभा झाली. तालुक्यातून माणसं आली होती, गाड्यांची रांग फाट्यापर्यंत. गावातर्फे बोलायला मला उभं केलं. मनात होतं, आता सांगू. खरंच होतं. गर्दीच्या अगदी मागं, कडुनिंबापाशी बिरा बसलेला दिसला मला, पटका मांडीवर काढून ठेवलेला. आणि मी काय बोललो? मी मळ्याची गोष्ट सांगितली. खोपीची, फौजदाराची. आणि आवाज खाली आणून, बरोबर जागा साधून, ते वाक्य म्हणालो. लोक हुंदके देऊ लागले. मागं पाहिलं तर बिरा उठून चालला होता. बसलेल्यांपैकी कुणीतरी हळूच म्हणालं, "बाजरी तरी घेऊन जा रं." आणि शोकसभेत लोक हसले.

तेव्हापासून ते वाक्य गावात रुळलं. कुणी लग्नातून लवकर उठला, मीटिंग सोडून निघाला, की म्हणायचे, बाजरी तरी घेऊन जा. आणि बिरा दिसला की लहान पोरंसुद्धा ओरडायची. मी शाळेच्या दारात उभा राहून ऐकायचो. एकदोघांना छड्याही दिल्या. गंमत बघा, त्यांना छड्या दिल्या मी.

आणखी एक आहे. इथं मला थांबावंसं वाटतंय, पण नको.

अण्णा गेल्यावर एकदा मी बिराला वाटेत गाठलं. सहज बोलल्यासारखं विचारलं, तुझा बाप त्या दिवसाविषयी कधी काही बोलला का रे? खरं तर मला त्याच्या तोंडून 'नाही' हवं होतं. 'नाही' म्हणाला असता तर माझा संशय शाबूत राहिला असता. बिरा म्हणाला, "बाप म्हनायचा, म्या भंडारा उचललाय. त्याच्याम्होरं काय इचारू नगं. मरताना बी तेच म्हनला." मग म्हणाला, "कशाचा भंडारा, ते काय मला ठावं न्हाई सर. तुमास्नी ठावं हाय का?"

ऐकलंत? भंडारा. मी हा शब्द कुणापाशी काढला नव्हता. नाटकात नव्हता, गावाच्या गोष्टीत नव्हता. फक्त अण्णांच्या ओसरीवर निघाला होता. म्हणजे म्हातारा अक्षर न् अक्षर खरं बोलला होता. आता संशयाला जागाच उरली नाही. आणि समोर उभा माणूस सरळ विचारत होता.

मी म्हणालो, "मला काय ठाऊक असणार?" आणि सायकलवर टांग टाकली.

बिरानं पुढं मेंढरं विकली. रानच मिळेना तर काय करणार? रांजणगावच्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाला. खाकी कपडे घालून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पिशव्या तपासायचा. फितुराच्या पोराला बरी नोकरी मिळाली, म्हणून गावानं तेवढंही हसून घेतलं.

नाटक चालूच होतं. दर वर्षी नाही, पण होत राहायचं, आणि दर वेळी मेंढक्याचं काम कोण करणार हा घोळ. कुठल्याही पोराचे आईबाप तयार नसायचे — आमच्या पोराला चपला मारणार का, म्हणून. एका वर्षी कुणीच मिळेना, तर सातवीतली एक मुलगी उठून म्हणाली, सर, मी करते. ती सुगंधा. बिराची मुलगी.

नको म्हणायला हवं होतं की नाही? तुम्हीच सांगा. कुणीही म्हणालं असतं. मी म्हणालो, "शाब्बास. घरी खरी घोंगडी असेल तर आण." कारण शाळेतली घोंगडी रंगीत, दुकानातली होती, स्टेजवर खोटी दिसायची. दुसऱ्या दिवशी बिरा स्वतः घेऊन आला. काळी, जड, कडेला विरलेली. म्हणाला, "बापाची हाय. जपून वापरा." मी ती हातात घेतली. केरबाचीच ती. त्याच घोंगडीखाली अण्णा लपले असतील, हे मला कळत होतं आणि त्याला नव्हतं. आणि मी म्हणालो, "वा, छान."

सुगंधानं काम असं केलं की विचारू नका. चपला नेहमीपेक्षा जास्त आल्या. एक घोंगडीवर लागून खाली पडली, तरी ती वळली नाही. मी विंगेतून खूण केली होती, वळायचं नाही. घोंगडी मी परत केली नाही. पुढच्या वर्षी लागेल म्हणून ठेवून घेतली, मग घरच्या ट्रंकेत गेली. दर उन्हाळ्यात कडुनिंबाचा पाला घालून ऊन दाखवतो. बायकोला वाटतं, शाळेची आठवण म्हणून जपलीय.

मला सारखं वाटायचं की कुणाला तरी ठाऊक आहे. अण्णांनी आणखी कुणाला सांगितलं असेल. नवीन हेडमास्तर मला बघून गालातल्या गालात हसतात ते का? पारावर मी गेलो की बोलणं का थांबतं? बिरा अजून आहे, ऐंशीला टेकलाय, उन्हाला पारावर येऊन बसतो. मी दिसलो की कपाळाला हात लावून "रामराम सर" म्हणतो. त्या रामरामात काय असतं? पुष्कळ दिवस मी तेच हुडकत राहिलो. त्यात काही नसतं. तो रामरामच असतो, आणि तेच मला सोसत नाही.

यंदा शाळेची नवीन इमारत झाली. मोठा कार्यक्रम ठरलाय, अण्णांचा पुतळा बसणार आणि जुनं नाटक पुन्हा करायचं, लेखकाचा सत्कार करायचा. म्हणजे माझा. शाल, नारळ, पहिल्या रांगेत खुर्ची. त्याच जागी.

परवा सुगंधा घरी आली. ती आता शिक्रापूरला असते, भाड्याच्या खोल्यांत. नवरा कंपनीत, ती तिथल्याच एका कँटीनला. पोरीला मात्र माहेरी ठेवलीय, आमच्या शाळेत. आर्या. पोरगी दारातच उभी राहिली. मी चहा सांगितला. सुगंधा म्हणाली, "सर, मेंढक्याचा पार्ट आर्याला द्या."

म्हटलं, दुसरी कामं आहेत की. झाशीची राणी आहे नाचात, भारतमाता आहे.

"न्हाई सर," ती म्हणाली, अगदी साधेपणानं. "दुसऱ्या कुनी केला की लोकं त्या पोराच्या घरच्यांला बी हसत्यात. आमच्या घराला सवय हाय. ऱ्हाऊ द्या आमच्यातच." मग हसली. "आन् सर, पार्ट लई भारी हाय तो. मला अजून पाठ हाय."

आत जाऊन मी ट्रंक उघडली. घोंगडी आणली. सुगंधानं ती ओळखली, नाकाशी नेली आणि पोरीच्या खांद्यावर टाकली. पोरगी तिच्या ओझ्यानं जराशी वाकली. सुगंधा म्हणाली, तुम्ही शिकवा सर, मी तोवर आबांना औषध देऊन येते. बिराला देऊन येते, म्हणजे.

मी अंगणात पोरीला उभी केली. सांगितलं, मान खाली. खांदे पाडायचे. डोळे चोरायचे, कुणाकडं बघायचं नाही. ती करत होती, पण नीट जमेना. थांबली, घोंगडी सावरली आणि म्हणाली, "सर, त्यानं खरंच पोलिसांना सांगितलं होतं का? मला तसं वाटलं ना, तर डोळे चोरता येतील."

कुणी नव्हतं. बायको आत होती, सुगंधा यायची होती. तेरा वर्षांची पोर, केरबाची पणती, केरबाचीच घोंगडी पांघरून माझ्यासमोर उभी होती आणि तिला खरं हवं होतं. आता माझ्यामागं कुठली सभा नव्हती, टाळ्या नव्हत्या, अण्णाही नव्हते.

मी म्हणालो, "हो."

तिनं मान हलवली. समजलं, अशी. मग वळून चालू लागली, खांदे पाडून, नजर जमिनीला लावून. या खेपेला एकदम बरोबर जमलं. अण्णांचं काम करणारा मुलगा आला नव्हता, म्हणून उंबऱ्यात उभं राहून ती हाक मलाच मारावी लागली.

"अरे, बाजरी तरी घेऊन जा रं!"

ती वळली नाही. वळायचं नाही, हे तिला मीच शिकवलं होतं.